घरची काकवी

आमच्या भाचीचे पुढचे चार दात मी काढले, असं आमची गल्ली मानते. कोडोलीत येऊन कुणालाही विचारा, आमच्या दारापर्यंत आणून सोडतील आणि वाटेत ही हकिकतही सांगतील. दात मी काढलेले नाहीत. मी तिचं डोकं धरलं होतं, एवढंच. पण हे समजावून सांगायचा मला आता कंटाळा आलाय, आणि राग तर कायमचाच आलाय. दातांची डॉक्टर झाले तरी घरात माझी किंमत सांडशीएवढी आहे. गरम भांडं उतरवायचं असलं की शोधायची, एरवी पडू द्यायची कोपऱ्यात.

आमचं गुऱ्हाळ आहे. दिवाळी झाली की चुलवाण पेटतं आणि उन्हं तापेपर्यंत विझत नाही. वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. आण्णांचा गूळ भेंडीचा, म्हणजे उसाच्या रसातली मळी वर काढायला ते भेंडीची झाडं ठेचून त्याचं चिकट पाणी घालतात, रसायनाची पावडर टाकत नाहीत. पावडरीचा पिवळाधमक गूळ बाजारात भाव खातो आणि आण्णांचा तांबूस गूळ मागं राहतो, तरी त्यांनी पावडरीला कधी हात लावला नाही. हा त्यांचा अभिमान आहे आणि तो खोटा नाही, हे मी आजही सांगेन.

दर मोसमात एक कढई ते घरासाठी वेगळी लावतात. ऊस स्वतः निवडतात, घाणा धुऊन घेतात, कढईजवळ स्वतः उभे राहतात, आणि गूळ व्हायच्या थोडं आधी तो दाट, तांबडा पाक काढून बरण्या भरतात. ती घरची काकवी. ती विकायची नाही, पाव्हण्यारावळ्यांनाही वाटीभरच. घरात लेकरू आलं की त्या बरणीवर पहिला हक्क त्याचा. आमच्याकडं मायेचं माप तेच आहे.

दादाला मुलगी झाली तेव्हा मी कोल्हापुरात दातांच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. वहिनी पहाटेपासून गोठ्यात, मग दूध घालायला संस्थेत, मग रानात. त्यामुळं पोरगी माझ्या आईच्याच कुशीत वाढली. दुधाची बाटली, त्यात काकवीचे दोन चमचे, आणि बाटली तोंडात तशीच ठेवून झोप. पोरगी गुटगुटीत झाली. आई शेजारणींना सांगायची, "बाजारची साखर हिच्या जिभंला लागू दिली न्हाय मी." ते खरंच होतं. साखरेचा दाणा त्या बाटलीत कधी पडला नाही.

मी शिवाजी पेठेत दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहत होते. खाली तालीम, समोर फुटबॉलवाल्यांचा कट्टा, आणि आम्ही तिघी वर बसून दात कसा किडतो ते घोकत होतो. ते घोकायला अवघड नाही. गोड, दातावरचे जंतू आणि वेळ, तिन्ही एकत्र आलं की दात जातो. गोड किती खाल्लं यापेक्षा ते किती वेळ तोंडात राहिलं हे महत्त्वाचं. झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्रीचं गोड सगळ्यात वाईट. हे आम्हाला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

तिसऱ्या वर्षी आमच्या कॉलेजातल्या एका वरच्या वर्गातल्या विद्यार्थिनीला तिच्या प्रबंधासाठी आमचंच ज्ञान तपासायचं होतं. दातांचे होऊ घातलेले डॉक्टर स्वतःच्या तोंडाची काय निगा ठेवतात, काय खातात, कीड कशानं लागते हे त्यांना कितपत कळतं, असले प्रश्न. दिवसातून किती वेळा दात घासता, याला झाडून सगळ्यांनी दोन लिहिलं. एक प्रश्न गुळाचा होता. साखरेपेक्षा गुळानं दात कमी किडतात, बरोबर की चूक? माझ्या शेजारी कागलची मैत्रीण बसली होती, तीही ऊसवाल्याच्या घरची. तिनं 'बरोबर'वर खूण केली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "अगं, गूळ नैसर्गिक असतोय की." मी 'चूक'वर खूण केली. मला ते येत होतं, कारण पुस्तकातलं ते पान वाचताना मला राग आला होता आणि रागानं मी ते पुन्हा वाचलं होतं.

थोड्याच दिवसांनी सरांनी वर्गात लाल गोळ्या वाटल्या. ती गोळी चघळायची, चूळ भरायची, आणि दातावर जिथं जिथं घाण राहिलीय तिथं रंग धरतो. दिवसातून दोनदा दात घासणारा आमचा सगळा वर्ग पान खाऊन आल्यासारखा दिसायला लागला. आम्ही एकमेकांची तोंडं बघून पोट धरून हसलो. सर म्हणाले, "तोंडपाठ सगळ्यांना आहे, तोंड मात्र कुणाचंच साफ नाही." तिथून उठून आम्ही कॅन्टीनला गेलो आणि चहाबरोबर क्रीमरोल खाल्ले. मीही खाल्ला. माझ्याही दाढेला कीड होती, ती नंतर वर्गातल्याच मुलीनं भरून दिली.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा भाची दीड वर्षाची होती. माझ्याच अंगाखांद्यावर खेळायची. मी सहज तिचा वरचा ओठ उचलून बघितला. पुढच्या चारही दातांवर, हिरडीच्या कडेला, खडूनं ओढावी तशी पांढरी रेघ होती. दुसऱ्या कुणाला ती दिसलीही नसती. ती कीड लागायची सुरुवात असते, आणि तेवढ्यावरच थांबलं तर दात वाचतो. मी मनात म्हटलं, वेळेवर बघितलं, आता काही बिघडत नाही. या दातांसाठी आपण शिकतोय असंच मला त्या दिवशी वाटलं.

मी आईला सांगितलं. बाटलीत काकवी घालू नको. झोपताना बाटली तोंडात ठेवू नको, फार तर पाणी दे. आणि रोज संध्याकाळी बोटाला ओलं फडकं गुंडाळून आधी वरच्या हिरड्या पुसायच्या, मग खालच्या. मी पोरीला मांडीवर घेऊन करूनही दाखवलं.

आई हसली. "लेकराचं तोंड म्हंजे काय मोरी हाय व्हय घासायला?"

"आई, हिचं दात जातील."

"दुधाचं दात जाण्यासाठीच असत्यात की. आणि गुळानं काय हुतंय? तुझ्या आज्ज्यानं उभा जल्म गूळ खाल्ला. सरणावर गेला तवा बत्तिशी शाबूत हुती त्येची."

"आज्जा बाटली तोंडात धरून झोपत नव्हता."

"लई शानी झालीस," आई म्हणाली, आणि बाटलीत चमचा फिरवला.

दुसऱ्या दिवशी मी ती बाटली मोरीत ओतली. पोरगी रडून रडून निळी पडायची वेळ आली. दादा जेवणावरून उठून आला. "तुझं कॉलेजातलं शानपण कॉलेजात ठेव. तू चार दिवसांनी जाणार, राती उठायचं कुणी?" आईनं दुसरी बाटली भरली. वहिनी चुलीपुढं मान खाली घालून बसली होती. नंतर गोठ्यात मला एकटीला गाठून म्हणाली, "वन्सं, मला पटतंय तुमचं. पण माझ्या हातात काय हाय?" तिच्या हातात शेणाचं घमेलं होतं. सुट्टी संपल्यावर मी कोल्हापूरला निघून आले.

मग शिबिर आलं. आमचं कॉलेज गावोगावच्या शाळांत जाऊन मुलांचे दात तपासतं, त्या हिवाळ्यात आमच्या गावचा नंबर लागला. गावची पोरगी म्हणून सरांनी माझ्याच हातात माइक दिला. मुलं पुढं बसली होती आणि मागं गावातली जाणती माणसं. मला वाटलं, घरात ऐकत नाहीत, चारचौघांत तरी ऐकतील. मी म्हणाले, "साखर काय, गूळ काय, काकवी काय, दातावरच्या जंतूंना सगळं सारखंच. बिगरपावडरचा, भेंडीचा असला तरी." मागच्या रांगेत दोघंतिघं हसले. आण्णा तिथंच उभे होते. शिबिर संपल्यावर मुलांना शेंगदाण्याची चिक्की वाटली. ती आमच्या गुळाची होती. लेकीचं कॉलेज गावात येतंय म्हणून आण्णांनी आदल्या दिवशी बायका लावून ती करून घेतली होती. मला कुणी सांगितलं नव्हतं.

आण्णा फारसं बोलत नाहीत. त्या दिवशी ताटावर बसले आणि म्हणाले, "गुळावर शिकलीस, आणि मायकावरनं गुळाचीच अब्रू काढलीस. खाल्ल्या घरचं वासं मोजतीयास तू." आणि न जेवता उठले. मला रडू आलं, संतापही आला. मी एक अक्षरही खोटं बोलले नव्हते. त्यांच्या जिवाला लागलं हेही खोटं नव्हतं. पण त्यानंतर आमच्या घरात काकवीचा विषय काढणं म्हणजे आण्णांचा अपमान करणं, असं होऊन बसलं. जी बाटली आधी नुसती आईच्या हट्टाची होती, ती आता घराच्या इभ्रतीची झाली.

ती पांढरी रेघ पुढच्या सुट्टीला पिवळी झाली होती, त्याच्या पुढच्या सुट्टीला तपकिरी. मग दातांच्या कडा झिजल्या आणि शेवटी हिरडीतून चार काळे खुंट तेवढे वर राहिले. खालचे दात मात्र शाबूत होते, कारण बाटली चोखताना जीभ त्यांच्यावर पांघरूण घालते. हे मी तोंडी परीक्षेत सांगितलं. बाहेरून आलेले परीक्षक खूश झाले आणि म्हणाले, छान, प्रत्यक्ष बघितलेलं दिसतंय. मी हो म्हणाले.

भाचीला तीन वर्षं उलटून गेली होती, तेव्हा दादाचा फोन आला. पोरीचा वरचा ओठ सुजून नाकाला भिडला होता, अंगात ताप होता, दोन दिवस तोंडात पाणी घेत नव्हती. "तुझ्याच कॉलेजात आणतोय," दादा म्हणाला, "लवकर नंबर लागंल असं बघ." मी तेव्हा तिथंच शेवटच्या वर्षाची उमेदवारी करत होते. मुलांच्या विभागातल्या मॅडमनी तपासलं, औषधं देऊन सूज उतरवली, आणि मग सांगितलं की वाचवण्यासारखं काही उरलेलं नाही, चारही काढावे लागतील. आई बाहेर बाकावर बसली होती. दादा आत थांबायला तयार होईना. वहिनीला चक्कर आली. म्हणून डोकं मी धरलं.

भूल दिलेली होती, तिला दुखलं नसेल. पण तीन वर्षांच्या पोरीला ते कळत नाही. तिला आपलं डोकं कुणी दाबून धरलंय तेवढं कळतं. सगळा वेळ ती मॅडमकडं न बघता माझ्याकडं बघत होती. तोंडात बोळा असताना ती म्हणाली, "आत्ती, सोड की गं." मी सोडलं नाही.

बाहेर आणल्यावर तिचं रडं थांबेना. लेकरू पडलं की जमिनीला चापट मारायची आणि म्हणायचं, हाणलं बघ तिला, ही आपली समजूत घालायची जुनी रीत. आईनं तिला उचलून घेतलं, पाठ थोपटली आणि म्हणाली, "रडू नगं माझ्या सोन्या. आत्तीनं काढलं न्हवं दात? हाण तिला. हाण." आणि तिचा इवला हात धरून माझ्या दंडावर चापट मारली. आईच्या मनात काही नव्हतं, हे मला कळत होतं. तरी ती चापट मला अजून लागते. त्या दिवसापासून गल्लीत तीच हकिकत झाली. गल्लीतली पोरं तिला बोळकी म्हणायला लागली, आणि बोळकी कुणी केली, तर आत्तीनं.

दात काढायच्या आधी मॅडमनी तिच्या तोंडाचे फोटो घेतले होते, दादानं परवानगी दिली होती. माझ्याबरोबरचा एक जण हळूच म्हणाला, "काढलेले दात ठेव की, शिकवायला मस्त नमुना आहे." त्याचं त्यात काही चुकलं असं त्याला वाटलं नाही. आम्ही पहिल्या वर्षापासून सरावासाठी दवाखान्यांतून काढलेले दात मागून आणायचो, बाटल्यांत साठवायचो, ज्याच्याकडं जास्त तो भाग्यवान. मी दात कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकले आणि हात धुतले.

काही महिन्यांनी लहान वर्गाचा तास चालू होता. मला सरांनी काही कामासाठी मागं बसवून ठेवलं होतं. पडद्यावर एक तोंड आलं. मी ते ओळखलं. ओठ वर धरणारी बोटं माझी होती. फोटोखाली कारण लिहिलं होतं: पालकांचे अज्ञान. सर समजावून सांगत होते की खेड्यापाड्यात लोकांना माहितीच नसते, म्हणून तुम्ही त्यांच्यापर्यंत पोचलं पाहिजे. मुलं भराभरा उतरवून घेत होती. मला उठून सांगावंसं वाटलं, सर, त्या घरात दातांची डॉक्टर आहे. ती माइकवरनंसुद्धा बोललीय. माहिती पोचली होती, ती दारात उभी होती आणि तिला आत कुणी घेतलं नाही. पण सरांपुढं असं बोलायची आमच्यात पद्धत नाही. मी तास संपेपर्यंत बसून राहिले.

आता मी कोल्हापुरात दुसऱ्यांच्या दवाखान्यात काम करते. लोक नंबर लावून बसतात, मी सांगितलेलं मान डोलावून ऐकतात, काही जण तसं करतातही. रविवारी गावाकडं जाते. भाची आता सात वर्षांची झालीय. पुढचे नवे दात आलेत, पण त्यातल्या एकावर मोठा तपकिरी डाग आहे. कायमचा दात हिरडीत तयार होत असताना दुधाच्या दाताचा पू त्याच्यापर्यंत पोचला, की तो असा डाग घेऊनच वर येतो. दादा म्हणतो, "तेवढा डाग घालवता येतोय का बघ की. पोरीची जात हाय." घालवता येतो. अर्ध्या तासाचं काम आहे. पण मी अंगणात पाऊल टाकलं की ती तोंडावर हात धरते आणि आत पळते. मी ज्या कुणाच्या तोंडात हात घालते ते सगळे परके. माझ्या घरातलं हे एक तोंड मला उघडत नाही.

गेल्या वर्षी दादाला मुलगा झाला. आण्णांनी घरची कढई लावली, बरण्या भरल्या, पण यंदा बरणी फडताळावर तशीच राहिली. नातवाच्या बाटलीत काकवी नाही. झोपताना बाटली नाही. लस टोचायला कोल्हापूरला नेलं होतं, तिथं बाळांच्या डॉक्टरांनी म्हणे एका वाक्यात सांगितलं. आई येईल त्याला ऐकवते, "डॉक्टरनी सांगितलंय, गोड न्हाय द्यायचं, तोंड पुसायचं." मी एकदा न राहवून म्हणाले, "आई, मी दुसरं काय सांगत हुते?" तर म्हणाली, "तू तवा शिकत हुतीस." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, "ह्यो वंशाचा दिवा हाय. ह्येचं तरी नीट झालं पायजे." तिला यात काही वावगं वाटलं नाही. मला इतकं वाटलं की त्या रविवारी मी जेवले नाही. आण्णांसारखी ताटावरून उठले, आणि उठताना त्यांच्याकडं बघितलं. ते खाली बघत भाकरी मोडत होते.

परवाची गोष्ट. संध्याकाळची वेळ होती, मी परत निघायच्या तयारीत पायरीवर बसले होते. आई सोप्यात बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. वाटीत कोमट पाणी, हातात पांढरं मऊ फडकं. भाची खांबाला टेकून बघत होती. बराच वेळ बघून ती म्हणाली, "आजे, माझं का पुसलं न्हाईस?"

"तवा कुणाला म्हाईत हुतं बाई," आई म्हणाली.

पोरीनं मान वळवली. कितीतरी दिवसांनी ती सरळ माझ्याकडं बघत होती. हात तोंडावरच होता.

"आत्ती, तुला पण म्हाईत नव्हतं?"

"म्हाईत हुतं," मी म्हणाले.

"मग?"

मी आईकडं बघितलं. तिनं मान वर केली नाही. तिनं बोटाला फडकं गुंडाळलं, बाळाचा ओठ हलकेच उचलला, आणि आधी वरच्या हिरड्या पुसल्या, मग खालच्या, मी शिकवलं होतं अगदी तसंच.